संगणक-वापरकर्त्याच्या रास्त अपेक्षा

संगणक, मोबाइल किंवा ऑनलाइन सेवा वापरणाऱ्याने हक्काने मागावयाच्या किमान गोष्टी : काम स्वभाषेत व्हावे, नोंद खरी असावी, चूक सुधारता यावी, आपली माहिती आपल्याला केव्हाही मिळावी आणि यंत्रणा बंद पडल्यास दुसरी वाट खुली असावी. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांत या अपेक्षांचा कस लागतो तो मुख्यतः सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर.

१ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. शुल्क १५ रुपये. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी शेतात उभा राहून पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतः करू लागला. तलाठी कार्यालयाच्या खेपा वाचल्या, हा लाभ लहान नाही.

अडचण आहे ती चुकीच्या नोंदींची. कोकणात एकेका गटावर अनेक खातेदार, वारसांची नावे, सामाईक क्षेत्र. टंकताना ‘म्हात्रे’चे ‘मात्रे’ झाले की आधार कार्डाशी नाव जुळत नाही आणि पीककर्ज किंवा अनुदान अडून बसते. चूक टंकणाऱ्याची, ती सिद्ध करण्याचा भार मात्र शेतकऱ्यावर. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ नुसार असा लेखनप्रमाद दुरुस्त होतो, पण अर्ज, जुने उतारे आणि हेलपाटे खातेदाराच्याच वाट्याला येतात. जी यंत्रणा चूक क्षणात करते, तिने ती तितक्याच सहज सुधारून दिली पाहिजे. बाकीच्या सगळ्या अपेक्षा या एका अपेक्षेनंतरच्या.

या अपेक्षांना कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अधिसूचित सेवा मुदतीत देण्याचे बंधन घालतो आणि अपिलाची सोय देतो. केंद्राचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा दुरुस्ती मागण्याचा हक्क तत्त्वतः मानतो. युरोपीय संघात २०१८ पासून आपली माहिती दुसऱ्या सेवेकडे नेण्याचाही हक्क आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडमधील अनेक गावांची वीज व मोबाइल सेवा कित्येक दिवस तोडली. ‘सर्व्हर डाऊन’ हे काम नाकारण्याचे कारण होऊ नये, ही अपेक्षा त्यामुळे येथे अवाजवी ठरत नाही.

नवा उतारा हाती येताच नाव, गट क्रमांक व क्षेत्र जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी ताडून पाहावे आणि जुना उतारा जपून ठेवावा.