एका भिंगाची फाळणी

आत रीळ भरायचे, हाताने फोकस करायचे कॅमेरे अलीकडे पुन्हा तरुण मुलामुलींच्या गळ्यात दिसू लागले आहेत. दूरचं जवळ आणणारी जुनी टेलिफोटो लेन्स घ्यायची म्हटली, की बहुतेकांचं बोट एकाच आकड्यावर थांबतं : १३५ मिलिमीटर. दुकानदार तीन लेन्सेस समोर मांडतो. एकीवर जर्मन अक्षरं, दुसरीवर रशियन, तिसरीवर जपानी कंपनीचं नाव. गिऱ्हाईक विचारतं, यातली चांगली कोणती? मी म्हणेन, आधी या तिघी एकमेकींच्या कोण लागतात ते विचारा. कारण तिघींचं माहेर पुष्कळदा एकच निघतं.

लॅटिनमध्ये 'लेन्स' म्हणजे मसूर. भिंगाचा आकार मसुरीच्या दाण्यासारखा, म्हणून ते नाव. अरबीतही मसुरीला 'अदस' म्हणतात आणि त्यावरूनच उर्दूत भिंगाला 'अदसा' हा शब्द आला. इतक्या दूरच्या भाषांना एकच डाळ आठवावी, याची मला फार गंमत वाटते. असो.

ते माहेर जर्मनीतलं. लुडविग बेर्टेले हा तिथला भिंगांचा आराखडाकार. त्या काळी अडचण अशी होती, की हवा आणि काच जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग असले की सुमारे एक तृतीयांश प्रकाश गेलाच. शिवाय आतल्या आत भरकटलेला प्रकाश चित्रावर धुरकटपणा आणतो. परावर्तन रोखणारा मुलामा झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधला. त्याआधीच बेर्टेले यांनी काचा एकमेकींना चिकटवून हवेच्या फटीच कमी केल्या. नाव ठेवलं 'सोन्नार'. जर्मन भाषेत 'सोन्ने' म्हणजे सूर्य. १९३२ मध्ये कॉन्टॅक्स कॅमेऱ्याबरोबर ती बाजारात आली. तिच्याच घराण्यातली १३५ मिलिमीटरची लेन्स अवघ्या चार काचांची.

पण १३५च का? त्या काळच्या लहान कॅमेऱ्यांत अंतर मापून फोकस साधण्याची जी यंत्रणा असे, तिची अचूकता साधारण इथेच संपत असे. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी १८० मिलिमीटरची सोन्नार निघाली. तिला आरशाची वेगळी पेटी जोडली जाई. हिटलरच्या राजवटीने जगाला दाखवायला मांडलेला तो सोहळा, आणि तो टिपायला त्या काळची एक उत्तम लेन्स. पुढे युद्धात येना शहरातल्या याच झाइस कारखान्यात सक्तीने आणलेले परदेशी मजूर राबत होते.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन फौजा येनात शिरल्या. शहर रशियनांच्या वाट्याला जाणार हे आधीच ठरलेलं होतं. तेव्हा ताबा देण्यापूर्वी अमेरिकनांनी झाइसचे ऐंशीहून अधिक शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि कागदपत्रं पश्चिमेला हलवली. त्यातून ओबरकोखेनला दुसरं झाइस उभं राहिलं. मग रशियनांनी मागे उरलेली बहुतेक यंत्रं उचकटून नेली आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये कित्येक तज्ज्ञांनाही कुटुंबांसकट नेलं. फाळणीत माणसं, भांडी, पुस्तकं कशी वाटली जातात हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. इथे भिंगाचा आराखडा वाटला गेला. कॉन्टॅक्सचा 'किएव्ह' झाला आणि सोन्नारची 'ज्युपिटर'. रशियन ज्युपिटर-११ हातात घ्याल, तर ती तीच चार काचांची १३५.

जपानची गोष्ट वेगळी. निप्पॉन कोगाकू ही कंपनी युद्धात लष्करासाठी दुर्बिणी, मापकं करायची. पराभवानंतर ती कॅमेऱ्यांकडे वळली आणि तिच्या निक्कोर टेलिफोटो लेन्सेस सोन्नारच्याच धर्तीवर निघाल्या. १९५० साली टोकियोत जुन मिकी या छायाचित्रकाराने 'लाइफ'च्या डेव्हिड डग्लस डंकन यांचा फोटो ८५ मिलिमीटरच्या निक्कोरने काढला. तो पाहून डंकन चकित झाले. ते थेट कारखान्यात गेले, जर्मन लेन्सेसशी तुलना करून पाहिली आणि आपल्या लायका कॅमेऱ्यांना निक्कोर लावून घेतल्या. त्याच जूनमध्ये कोरियाचं युद्ध पेटलं. डंकन यांची तिथली चित्रं जगभर गेली आणि जपानी माल म्हणजे नक्कल, हा समज ढासळू लागला.

सगळ्यांत करुण गोष्ट येनात मागे राहिलेल्या घराची. दोन्ही झाइस नावासाठी कोर्टात भांडली. पश्चिमेत माल विकताना पूर्वेच्या कंपनीला 'कार्ल झाइस' लिहिता येईना, 'सोन्नार'ही लिहिता येईना. मग लेन्सवर कोरलं जाऊ लागलं 'आउस येना', म्हणजे 'येनाहून', आणि सोन्नारऐवजी नुसतं 'एस'. सूर्याचं फक्त आद्याक्षर उरलं. १९७१ मध्ये लंडनला समझोता होऊन बाजारपेठा वाटून घेतल्या गेल्या. जर्मनी १९९०मध्ये एक झाल्यावर हे घरही पुन्हा एक झालं.

मला विचाराल तर माझा कौल येनाच्या एफ ३.५ वाल्या १३५ ला, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या. ती एक मीटरपर्यंत जवळ येते, त्यामुळे चेहऱ्यांना उत्तम. तिचे ४२ मिलिमीटरचे आटे प्रॅक्टिकाला, झेनिटला आणि जुन्या पेंटॅक्सला चालतात. निक्कोर हवी असेल तर बहुतेकदा कॅमेराही त्याच घरचा लागेल. ज्युपिटर स्वस्त, पण एकीसारखी दुसरी निघेल याची खात्री नाही.

घेताना मागून टॉर्च मारून बघा. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती मुलामा खाते. आतली पाती तेलकट असतील तर ती आळसावतात. मिटायला वेळ लावतात. आणि कडेवर नुसता 'एस' दिसला, तर दुकानदाराला काही बोलू नका. आधी किंमत विचारा.