घड्याळबदल आणि ज्येष्ठ नागरिक

घड्याळबदल आणि ज्येष्ठ नागरिक : अनेक देशांत वसंत ऋतूत घड्याळ एक तास पुढे आणि शरदात एक तास मागे करतात. या बदलाच्या दिवसांत वृद्धांची झोप, जेवण व औषधे यांची घडी बसवून देण्याचे काम मुख्यतः घरच्यांनाच करावे लागते.

भारतात ही पद्धत नाही; दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, मात्र घड्याळे तासभर पुढे केली होती. येथे दिवसाची लांबी फारशी बदलत नाही, म्हणून त्याची गरजही भासत नाही : पुणे परिसरात सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, तर सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. लंडनमध्ये तो सुमारे ८ तासांपासून साडेसोळा तासांपर्यंत जातो.

तरीही पिंपरीतील संत तुकाराम नगरसारख्या वस्तीत हा बदल दोन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट परदेशी असलेल्या मुलांची. न्यूयॉर्कहून सकाळी ८ वाजता येणारा फोन हिवाळ्यात येथे संध्याकाळी ६:३० ला, तर उन्हाळ्यात ५:३० ला वाजतो. दुसरी वाट चाकण-पिंपरीतील कंपन्यांची. जर्मनीतील दुपारी ४ ची बैठक येथे उन्हाळ्यात ७:३० ला, हिवाळ्यात ८:३० ला सुरू होते. मुलासाठी किंवा सुनेसाठी जेवायचे थांबणाऱ्या आजी-आजोबांचे जेवण आणि जेवणाशी बांधलेली गोळी दोन्ही लांबतात. अशा घरांत वृद्धांनी वाट न पाहता ठरल्या वेळी जेवून घ्यावे.

मुलांकडे राहायला गेलेल्यांना बदल प्रत्यक्ष सोसावा लागतो. अमेरिकेच्या बहुतेक भागांत तो मार्चच्या दुसऱ्या व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. शरीराचे आतले घड्याळ मुख्यतः प्रकाशावर चालते. वयानुसार झोप हलकी होते, लवकर जाग येते. मार्चमध्ये झोपेचा तास जातो. स्वीडनमधील नोंदींवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यानंतरच्या दिवसांत हृदयविकाराचे झटके थोडे वाढल्याचे आढळले. नोव्हेंबरमध्ये अंधार लवकर पडतो. स्मृतिभ्रंश असलेल्यांची संध्याकाळची अस्वस्थता तेव्हा वाढू शकते.

उपाय साधे आहेत. बदलाच्या चार दिवस आधीपासून झोप, उठणे व जेवण रोज पंधरा मिनिटांनी सरकवावे; मार्चमध्ये अलीकडे, शरदात पलीकडे. मार्चमधील बदलानंतर सकाळी उठल्यावर अर्धा तास उजेडात फिरावे. दुपारची डुलकी अर्ध्या तासात आवरावी, दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. शरदात फेरफटका उजेड असतानाच उरकावा. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा.

मोबाइलची वेळ आपोआप बदलते. भिंतीवरचे घड्याळ, मनगटी घड्याळ आणि ओव्हनवरची वेळ हाताने बदलावी लागते. हे शनिवारी रात्रीच करावे, नाहीतर रविवारी एकाच घरात दोन वेळा दिसतात आणि गोळी दोनदा घेतली जाते किंवा राहून जाते. गोळ्यांच्या डबीवर नवी वेळ मोठ्या अक्षरांत लिहावी. इन्सुलिन, फिट्स व कंपवाताच्या औषधांच्या वेळा प्रवासापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. स्वतःच्या मनाने बदलू नयेत. झोपमोड, गोंधळ किंवा तोल जाणे आठवड्यापलीकडे टिकले, तर घड्याळाला दोष देत न बसता डॉक्टरांना दाखवावे.