दिघ्याची कुलदेवता आणि कार्ल्याचे लेणे

दिघा हे ठाणे खाडीच्या पूर्वेचे आगरी-कोळी गाव. ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे गाव नवी मुंबई महापालिकेत आले. या पट्ट्यातील अनेक आगरी-कोळी घराण्यांची कुलदेवता आजही कार्ल्याची एकवीरा आहे. चैत्रातल्या यात्रेला तिच्या पालख्या घाट चढतात.

एकवीरेचे देऊळ ज्याच्या दाराशी आहे, ते कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब असून भारतातील सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह मानले जाते. बुद्धाच्या शिकवणीत सृष्टिकर्त्या ईश्वराला जागा नाही. चैत्यगृहात पूजेचे केंद्र स्तूप आहे. म्हणजे नवसाला पावणारी देवी आणि ईश्वराविना मुक्तीचा मार्ग यांची सोबत एकाच कड्यावर आहे.

अशी सोबत लेण्यांच्या काळातही होती. चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवन, म्हणजे परदेशी मूळच्या, दात्यांची नावे आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख अधिक बोलका आहे. देव-ब्राह्मणांना १६ गावे आणि ३ लाख गाई दिल्याचे सांगून, त्याच लेखात तो वलूरक म्हणजे कार्ल्याच्याच लेण्यांत पावसाळ्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याची नोंद करतो. ब्राह्मणांचा यजमान आणि संघाचा दाता एकच होता, आणि त्यात त्याला विसंगती वाटली नाही.

कल्याणजवळच्या मलंगगडावर हीच रीत पुढे दिसते. तिथल्या समाधीला मुसलमान हाजी मलंग मानतात, हिंदू मच्छिंद्रनाथ. माघ पौर्णिमेला दोघेही गड चढतात. वहिवाट वंशपरंपरेने केतकर या ब्राह्मण घराण्याकडे राहिली.

एकोणिसाव्या शतकात जनगणनेचा तक्ता आला आणि माणसामागे एकच धर्म लिहिला जाऊ लागला. नवस, दान आणि यात्रा यांनी जोडलेली नाती त्या रकान्यात मावत नव्हती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या वेळच्या २२ प्रतिज्ञांनी हिंदू देवांची पूजा स्पष्टपणे सोडायला लावली. जिथे जुन्या देवांच्या पूजेबरोबर अस्पृश्यताही वाट्याला आली होती, तिथे दोन्हीकडे पाय ठेवणे हा सलोखा ठरत नव्हता. पूर्ण बाहेर पडणे हीच प्रतिष्ठा होती. म्हणून आज कार्ल्याच्या त्याच डोंगरावर काहीजण देवीची ओटी भरायला जातात, तर काहीजण केवळ बुद्धवंदनेसाठी.