महेश्वरहून काशीकडे : देखरेखीविषयी थोडेसे

शासकीय कामानिमित्त वाराणसीस जाणे झाले की एक संध्याकाळ मी अहिल्याबाई घाटासाठी राखून ठेवतो. दशाश्वमेधाची गर्दी मागे टाकून दक्षिणेकडे निघाले की शीतला घाट लागतो आणि त्याला लागूनच हा घाट. नोकरीपायी आयुष्य महाराष्ट्राबाहेर घालवलेल्या माणसाला त्या पायऱ्यांवर टेकले की जरा घरी आल्यासारखे वाटते. असो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांनी हा घाट बांधवला, त्या अहिल्याबाई होळकर येथून सरळ रेषेत मोजले तरी आठशे किलोमीटर दूर, नर्मदाकाठच्या महेश्वरातून राज्य करीत होत्या. त्यांच्या दानधर्माविषयी आपण पुष्कळ वाचतो. प्रशासनातील माणसाला मात्र निराळाच प्रश्न पडतो : इतक्या दूरचे काम नीट चालले आहे की नाही, हे त्यांना कळत कसे असेल?

सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात बाईंची दिनचर्या दिली आहे. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात येत, सायंकाळी सहापर्यंत काम पाहत. पूजा व अल्पाहार झाल्यावर नऊ ते अकरा पुन्हा काम. तक्रारी त्या स्वतः ऐकत. मला यातील मर्म कष्टाळूपणापेक्षा मांडणीत दिसते. कारभाऱ्यांकडून हिशेब येत होता, तसाच रयतेकडूनही येत होता, आणि दुसरी वाट पहिलीवर अवलंबून नव्हती. खुद्द महेश्वर दरबारावरही कोणाचे तरी लक्ष होतेच. पेशव्यांचे वकील तेथून पुण्यास नियमित बातमी धाडीत. द. ब. पारसनीस यांनी ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ या नावाने ती छापली, म्हणून आज आपल्याला वाचता येतात. होळकरांचा कारभार कसा चालला आहे हे पुणेकरांनी केवळ होळकरांच्याच पत्रांवरून ठरवले नाही, हे महत्त्वाचे.

हे सारे आठवण्यास एक अगदी आजचे कारण घडले. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका कार्यालयाच्या संगणकीय सेवेची जबाबदारी होती. निवृत्तिवेतनधारकांनी हयातीची नोंद करावी, अशी ती सेवा. ती नोड या प्रणालीवर, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली होती. सरासरी प्रतिसादकाळ सव्वा सेकंदाच्या आत, आणि आठ कोअरच्या यंत्रावरील भार जेमतेम बारा टक्के. मासिक अहवालात सर्व काही हिरवे. आणि तरी सकाळी दहाच्या सुमारास पान उघडत नाही, अशी वृद्धांची पत्रे येतच होती. नोंद राहिली तर पुढील महिन्याचे पैसे अडणार.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकलेली गोष्ट मी विसरलो होतो. शंभर विनंत्यांपैकी पंचाण्णव ०.२ सेकंदात पुऱ्या झाल्या आणि पाचांना वीस-वीस सेकंद लागले, तर सरासरी भरते सुमारे १.२ सेकंद. त्या पाच जणांचे हाल तीत बुडून जातात. म्हणून पाहायचे ते शतमक : पन्नासावे, पंचाण्णवावे आणि विशेषतः नव्व्याण्णवावे.

बारा टक्क्यांचा उलगडा तर अधिकच बोधक ठरला. रायन डाल यांनी २००९ साली पुढे आणलेल्या या प्रणालीत आपले जावास्क्रिप्ट सामान्यतः एकाच धाग्यावर चालते. इव्हेंट लूप नावाचा एकच कारकून क्रमाने सर्वांची कामे पाहतो, असे समजा. त्याने एखादे मोठे काम हाती धरले की मागची रांग थांबते. आमच्याकडे रोज दहाला एकत्रित तक्ता तयार होई आणि तेवढा वेळ कारकून त्यातच गुंतलेला असे. आठांपैकी एक कोअर पूर्ण दमलेला, सात रिकामे. म्हणूनच भार साडेबारा टक्क्यांच्या आत.

मग देखरेखीची व्यवस्था नव्याने बसवली. इव्हेंट लूपला होणारा विलंब मोजण्याची सोय नोडमध्येच आहे. ती सुरू केली. त्यासोबत प्रत्येक मार्गाचा प्रतिसादकाळ, चुकांचे प्रमाण आणि स्मृतीचा वापर. प्रोमिथियस दर पंधरा सेकंदांनी हे आकडे उचलून नेई व ग्राफानाच्या फलकावर त्यांचे आलेख उमटत. मोजमापांत नागरिकाचे नाव वा क्रमांक ठेवायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी केला. तसे केल्यास माहितीचा डोंगर तर होतोच, शिवाय ती माहिती तेथे असण्याचे कारणच नसते.

एवढे करूनही एक छिद्र उरले, आणि ते एका तरुण अभियंत्याने दाखवले. लूप अडकला की आकडे सांगणारा मार्गही अडकतो, कारण तोही त्याच कारकुनाकडून जातो. आजारी माणसालाच त्याची प्रकृती विचारल्यासारखे ते होते. तेव्हा आकडे न येणे हीच धोक्याची सूचना मानायची, असे ठरले. शिवाय दुसऱ्या जाळ्यावरील एक स्वतंत्र यंत्र दर मिनिटाला सामान्य नागरिकाप्रमाणे पान उघडून पाहू लागले. मला तेव्हा बातमीपत्रेच आठवली.

तक्त्याचे काम वेगळ्या प्रक्रियेकडे सोपवले आणि दहाची रांग मोडली. इशाऱ्यांची घंटा मात्र सुरुवातीला इतकी वाजे की रात्रपाळीच्या मुलांनी ती बंदच करून टाकली होती. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. पुढचा महिना आम्ही इशारे कमी करण्यात घालवला. शेवटी चार उरले, आणि प्रत्येकापुढे तो वाजल्यावर नेमके कोणी उठायचे त्याचे नाव लिहिले.