अनुचित कामगार प्रथा आणि १९७१ चा महाराष्ट्र अधिनियम : एक ऐतिहासिक आढावा

अन्याय झालेल्या कामगाराने दाद कोणाकडे मागावी, हा भारतीय कामगार कायद्यांच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न होय. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमान्वये विवाद न्यायालयाकडे सोपविणे प्रामुख्याने शासनाच्या निर्णयावर अवलंबून होते. 'महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देणे व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणे' याबाबतच्या १९७१ च्या अधिनियमाने हा अडसर दूर केला. १९७५ मध्ये तो अंमलात आला. त्यातील कलम २८ मुळे संघटनेप्रमाणेच एकट्या कामगारालाही ९० दिवसांच्या आत थेट न्यायालयात तक्रार दाखल करता येऊ लागली.

चौथ्या अनुसूचीतील सहावी बाब या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरते. कायम कामगाराचे लाभ नाकारण्याच्या हेतूने एखाद्यास वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक वा तात्पुरता कामगार म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा मानण्यात आली. याच तरतुदीच्या आधारे वनविभागातील रोजंदारी कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उचलून धरला. या खटल्यात मालक स्वतः शासनच होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

कंत्राटी कामगारांना मात्र हा मार्ग सुलभ झाला नाही. मालक-कामगार हे नातेच वादग्रस्त असल्यास ते आधी अन्य कायद्याखाली सिद्ध व्हावयास हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिप्ला प्रकरणात स्पष्ट केले. सारांश, तात्पुरतेपणाचा आडोसा या अधिनियमाने मोडून काढला. कंत्राटाचा आडोसा मात्र तसाच राहिला.