मिठ्ठू आणि मदिनेतला इवलासा पक्षी

राजाचा पोपट मेला, ही गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. पोपट मेल्याची बातमी जो आणील त्याचं मुंडकं उडवीन, असं राजाने बजावलेलं असतं. मग चतुर प्रधान सांगतो, महाराज, पोपट खात नाही, पीत नाही, डोळे उघडत नाही, पंख हलवत नाही. शेवटी राजाच ओरडतो, "म्हणजे मेला की!" उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठीही शिकवतो. मुलांना हा वाक्प्रचार समजावून देताना वर्ग हसतो, मीही हसतो.

गेल्या हिवाळ्यात ती गोष्ट माझ्या घरात घडली आणि हसू आलं नाही.

त्या दिवशी शुक्रवार होता. फजरची नमाज पढून मी पिंजऱ्यावरचं कापड काढलं. कापड निघालं की मिठ्ठू डोक्यावरचा पिवळा तुरा उभारून शीळ घालायचा, हा रोजचा रिवाज. त्या दिवशी शीळ आली नाही. तो दाण्याच्या वाटीशेजारी कुशीवर पडला होता. जखम नाही, रक्त नाही, पीस विस्कटलेलं नाही. आदल्या संध्याकाळी तो माझ्या धाकट्या लेकीच्या खांद्यावर बसून तिच्या वहीचा कोपरा कुरतडत होता.

मिठ्ठू म्हणजे कॉकाटेल, मूळचा ऑस्ट्रेलियातला लहान पोपट. आमच्या दादीच्या अंगणात होता तसला हिरवा पोपट आता घरात ठेवता येत नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून लेकीच्या हट्टापायी हा परदेशी पाहुणा आणला होता. तीन वर्षं तो घरातलाच एक झाला होता.

नऊ वर्षांची लेक उठून आली तेव्हा मी पिंजऱ्यावर पुन्हा कापड टाकलेलं होतं. "झोपलाय तो," मी म्हणालो. इतकी वर्षं ज्या प्रधानाला मी चतुर म्हणत आलो, त्याच्याइतकंही धैर्य माझ्यात नव्हतं. तिने कापड बाजूला केलं आणि तिला कळलं.

त्यानंतर घरात चौकशी सुरू झाली. माणसाचं मन असंच चालतं. कारण सापडलं की दुःख कमी होईल असं त्याला वाटतं. नवीन दाणे आणले होते का? मांजर आलं होतं का? थंडी लागली का? गावातल्या गुरांच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या डॉक्टरांचा सगळा अनुभव गाई-म्हशींचा आणि शेळ्यांचा. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, पक्ष्याचं असं बघून काही सांगता येणार नाही." शेवटी अम्मीने निकाल दिला. आठवडाभर लेकीला ताप होता, तो नुकताच उतरला होता. अम्मी म्हणाली, "बला थी बेटा, मिठ्ठू ने अपने ऊपर ले ली."

आपल्या घरांमधून हे वाक्य सर्रास ऐकू येतं. पाळलेलं जनावर अचानक गेलं की घरच्या माणसावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं, असं म्हणतात. बोलणाऱ्याचा हेतू समजूत घालण्याचा असतो. पण माझ्या लेकीने ते वेगळं ऐकलं. रात्री ती मला विचारू लागली, "अब्बू, मिठ्ठू माझ्यामुळे मेला?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी साडेतेराशे-चौदाशे वर्षं मागे, मदिनेतल्या एका घरात जाऊन पोहोचलो.

ते घर हजरत उम्मे सुलैम (र.) आणि हजरत अबू तल्हा (र.) यांचं. उम्मे सुलैम यांचा पहिला मुलगा म्हणजे हजरत अनस (र.), ज्यांनी लहानपणापासून प्रेषित मुहम्मद (स.) यांची सेवा केली. अनस यांच्या धाकट्या सावत्र भावाला सगळे अबू उमैर म्हणत. या मुलाने एक इवलासा पक्षी पाळला होता. अरबीत त्या जातीला नुगर म्हणतात, आणि लाडाने लहान रूप केलं की नुगैर. प्रेषित (स.) त्या घरी जात येत. एकदा ते गेले तेव्हा मुलगा हिरमुसून बसलेला दिसला. विचारल्यावर कळलं की त्याचा पक्षी मेला. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या मुलाला नावाने हाक मारली आणि त्याच्या नुगैरचं काय झालं, असं त्यालाच विचारलं. उमैर आणि नुगैर, हाकेत आणि प्रश्नात यमक जुळलेलं.

एवढीच ही हदीस. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. मी ती लहानपणी मदरशात ऐकली होती आणि तिच्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. ज्यांच्या खांद्यावर एका नव्या समाजाचा भार होता, ते एका पोराजवळ थांबतात. पक्ष्यासाठी काय रडतोस, असं म्हणत नाहीत. दुसरा आणून देतो, असंही म्हणत नाहीत. कशाने मेला, कुणाची चूक, ही चौकशी करत नाहीत. मुलाला त्याच्या पक्ष्याबद्दल बोलायला लावतात. पक्ष्याचा उल्लेखही त्याच्या नावाने करतात.

या हदीसचा पुढचा इतिहास तर आणखी बोलका आहे. काही टीकाकार म्हणत, हदीसवाले लोक निरर्थक गोष्टी जपून ठेवतात, आणि उदाहरण म्हणून याच अबू उमैरच्या पक्ष्याकडे बोट दाखवत. दहाव्या शतकात तबरिस्तानचे एक शाफई विद्वान, इब्नुल कास, यांनी या टीकेला उत्तर म्हणून एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. या एका छोट्या प्रसंगातून त्यांनी साठ मुद्दे काढून दाखवले. मुलाशी थट्टामस्करी करावी, लहान मुलालाही मोठ्यांसारखं आदराने संबोधावं, सोबत्याच्या घरी भेटायला जावं, मूल उदास दिसलं तर विचारपूस करावी. मुलाने पक्ष्याशी खेळणं आणि पक्षी पिंजऱ्यात ठेवणं चालतं का, याचाही विचार त्यात आला. चालतं, पण त्याच्या दाणापाण्याची आणि जिवाची जबाबदारी पाळणाऱ्यावर. पंधराव्या शतकात इब्न हजर अस्कलानी यांनी बुखारीवरच्या आपल्या प्रसिद्ध भाष्यात या मुद्द्यांचा गोषवारा घेतला, म्हणून तो आजही वाचायला मिळतो. कुणाला जी गोष्ट क्षुल्लक वाटली, ती पाचशे वर्षांनंतरच्या विद्वानाला नोंदवून ठेवावीशी वाटली.

पण लेकीचा प्रश्न कारणाचा होता, आणि त्याचं उत्तर मला त्याच मदिनेत, दुसऱ्या एका मृत्यूपाशी सापडलं. प्रेषितांचा (स.) तान्हा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. खगोलशास्त्राच्या हिशेबाने ते ग्रहण 27 जानेवारी 632 रोजी झालं. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. एखाद्या दुःखी बापाला याहून मोठा दिलासा कोणता? पण प्रेषितांनी (स.) तो नाकारला. सूर्य आणि चंद्र कुणाच्या मरण्याने किंवा जगण्याने ग्रासले जात नाहीत, असं त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितलं. त्याच मुलाला शेवटचं पाहताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, हेही हदीसमध्ये नोंदलेलं आहे. अश्रू ढाळायला त्यांना संकोच वाटला नाही, पण मृत्यूला खोटं कारण त्यांनी चिकटू दिलं नाही.

मी लेकीला हेच सांगितलं. सूर्य जर नबींच्या मुलासाठी काळवंडला नाही, तर आपला मिठ्ठू तुझ्या तापासाठी मेला नाही.

मग कशाने मेला? हे मलाही जाणून घ्यायचं होतं. वाचताना अ‍ॅलेक्स भेटला. अमेरिकेतल्या आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेने 1977 मध्ये दुकानातून विकत घेतलेला हा आफ्रिकन करडा पोपट. त्याला पन्नासेक वस्तूंची नावं, सात रंग आणि पाच आकार ओळखता येत. सहापर्यंत मोजता येई. 6 सप्टेंबर 2007 च्या सकाळी तो पिंजऱ्यात मृत सापडला. वय 31, म्हणजे त्या जातीच्या मानाने अकालीच. दोनच आठवड्यांपूर्वी वार्षिक तपासणी झाली होती आणि तीत काही दोष दिसला नव्हता. आदल्या संध्याकाळी त्याने बाईंना रोजच्यासारखा निरोप दिला होता, उद्या भेटू म्हणून. शवविच्छेदनातही आधी ठळक कारण दिसलं नाही. पुढे रक्तवाहिन्या कठीण होण्याशी जोडलेला एखादा अचानक झटका, एवढंच सांगता आलं. जगातला सर्वांत नावाजलेला पोपट, भोवती शास्त्रज्ञ, आणि तरीही उत्तर मोघमच.

याचं एक कारण पक्ष्यांच्या स्वभावात आहे. रानात जो पक्षी आजारी दिसतो तो शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. म्हणून पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. आपल्याला जे अचानक वाटतं ते कित्येकदा आतून बरेच दिवस चाललेलं असतं. बादशाह बाबरने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्तानातल्या पोपटांविषयी लिहिताना एक ऐकीव किस्सा दिला आहे. पिंजरा झाकला तेव्हा एक पोपट म्हणे बोलला, तोंडावरचं काढा, मला गुदमरतंय. बाबर चिकित्सक माणूस. स्वकानांनी ऐकल्याशिवाय विश्वास बसणं कठीण, असाच त्याचा सूर आहे. त्याचा संशय रास्त होता. खरे पोपट गुदमरलं तरी सांगत नाहीत.

दुसरं कारण त्यांच्या श्वासात आहे. पक्ष्याच्या फुप्फुसाला जोडून हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसातून जाते. उडायला हे वरदान, विषारी हवेत शाप. ब्रिटनच्या कोळसा खाणींत कामगार कॅनरी पक्षी घेऊन उतरत ते याचसाठी. कार्बन मोनॉक्साइडने माणसाच्या आधी पक्षी कोलमडे. ही प्रथा तिथे 1986 पर्यंत चालली. घरात नॉनस्टिक भांडं रिकामं तापत राहिलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. कीटकनाशकाचा फवारा, अगरबत्तीचा दाट धूर, हेही त्यांना बाधतं.

इथे मी थांबलो. आमचा तवा लोखंडी आहे. फवारा आम्ही मारत नाही. पण अम्मी दर जुमेरातीला संध्याकाळी लोबान जाळते. थंडी म्हणून त्या दिवशी खिडक्या बंद होत्या.

लोबाननेच झालं असं मी म्हणत नाही. याआधी तीन वर्षं दर जुमेरातीला लोबान होतंच. पण आता मला अम्मीचं ते वाक्य वेगळं ऐकू येऊ लागलं. दोन दिवस तिने लोबानच्या डबीला हात लावला नव्हता, पिंजऱ्याच्या खोलीत ती जात नव्हती. कदाचित नातीची समजूत घालता घालता ती स्वतःलाच सांगत होती की ही बला होती, धूर नव्हता.

आता सांगायची पाळी माझी होती, आणि पुन्हा तोच राजाचा पोपट. अशा वेळी उम्मे सुलैम आठवतात. हा पक्ष्यासाठी हिरमुसलेला अबू उमैर पुढे लहानपणीच वारला, असं अनेक भाष्यकार सांगतात. पती घरी नव्हते. ते परतले तेव्हा तिने आधी त्यांना जेवू घातलं, विसावू दिलं. मग विचारलं की, कुणी आपल्याला काही वापरायला दिलं आणि परत मागितलं तर नाही म्हणता येईल का? अबू तल्हा म्हणाले, नाही. तेव्हा तिने मुलाची बातमी सांगितली. प्रधानाने बातमी फिरवून सांगितली ती स्वतःची मान वाचवायला. उम्मे सुलैमने फिरवून सांगितली ती ऐकणाऱ्याला सावरायला. वर्गात यापुढे मी या दोन्ही गोष्टी एकत्र सांगणार आहे.

मी अम्मीजवळ बसलो आणि एवढंच म्हणालो, "कशाने गेला ते कुणालाच कळणार नाही, अम्मी. पण पक्ष्यांना धूर सोसत नाही म्हणतात. पुन्हा कधी पक्षी आणला तर लोबान अंगणात लावू." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हां, आंगन में ही अच्छा."

मिठ्ठूला आम्ही मागच्या दारी लिंबाच्या झाडाखाली पुरलं होतं. लेकीने विचारलं होतं, जनाजाची नमाज पढायची का? मी सांगितलं, ती माणसांसाठी असते. पण कुरआनात, सूरह माइदामध्ये, आदमच्या मुलाला भावाचं प्रेत कसं पुरायचं हे कळत नव्हतं तेव्हा अल्लाहने एक कावळा पाठवला, आणि जमीन उकरणाऱ्या त्या कावळ्याकडून माणूस दफन शिकला. पक्ष्याने शिकवलेलं काम पक्ष्यासाठी करण्यात गैर काय? तिला ते पटलं. तिने स्वतः माती लोटली.

आता आठवड्यातून एकदा तरी ती अम्मीच्या मांडीवर डोकं ठेवून मिठ्ठूची एखादी खोडी काढते. वही कशी कुरतडायचा, कुकरची शिट्टी झाली की कशी नक्कल करायचा. अम्मी ऐकते. कधी कधी अम्मीच विचारते, "और क्या करता था तेरा मिठ्ठू?"

तिने ती हदीस कधी वाचली आहे की नाही, मी विचारलेलं नाही.