शाळेच्या चार पै : लोकलफंडापासून घरपट्टी माफीपर्यंत

घरपट्टी माफ झाली की घरमालक खूश होतो, त्यात वावगं काही नाही. पण त्या पट्टीत शाळेचा वाटा असेल तर तो भरून कोण देणार? हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे.

शेजारचा सोलापूर जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्या इलाख्यात १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा ‘लोकलफंड’ बसला. १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. हिशेब साधा होता. आणा म्हणजे बारा पै. आठ पै रस्ते वगैरेंना, चार पै शाळांना. शंभर रुपये सारा भरणाऱ्याकडून शाळेला दोन रुपये आणि वर थोडे सुटे मिळत. आपल्या निजामी मुलखातही शेतसाऱ्यावर एक आण्याचा उपकर होता.

पैसा रयतेचा, पण शिकत कोण होतं? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. सरकारी उत्पन्न रयतेच्या घामाचं आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर, ही त्यांची तक्रार होती. कर कुणाचा हे माहीत होतं, म्हणून तर जाब विचारता आला.

पुढे १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या शहरांत इमारतींवर शिक्षण उपकर आला. मुंबईत महापालिकेचा स्वतःचा शिक्षण उपकरही घरपट्टीच्या बिलात असतो. २०१९ मध्ये तिथल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना सूट मिळाली ती फक्त सर्वसाधारण कराची. शिक्षण उपकर चालूच राहिला. २०२२ च्या जानेवारीत पूर्ण माफी जाहीर झाली आणि त्यात तोही गेला. लहान घरांना दिलासा हवाच होता. शाळाही काही लगेच बंद पडत नाहीत. खर्च दुसऱ्या उत्पन्नातून भागवावा लागतो. मात्र शाळेच्या नावाने बांधलेला पैसा सुटला, की शाळेला दरवर्षी बजेटच्या दारात उभं राहावं लागतं.

म्हणून सूट वाढवताना त्याच हुकुमात शाळेची तूट कोण भरणार हेही लिहिलेलं असावं. आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळांना तर हे जास्तच लागू पडतं.

कोळार परिसरात कुणाच्या घरी शेतसाऱ्याच्या जुन्या पावत्या असतील, उर्दूतल्या असोत की मोडीतल्या, तर मंडळाला जरूर दाखवा. आपल्या गावाच्या चार पै कुठे गेल्या, ते त्यातूनच कळेल.